पावती आमच्याकडे, हिशेब कुणाकडे? : धर्मादाय आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. धर्मादाय आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : ठरावीक कामासाठी दिलेली देणगी दुसरीकडे वळवली गेल्यास देणगीदाराने दाद कुठे मागायची, याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २ (१०) मध्ये ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ कोण, ते सांगितलं आहे. देऊळ असेल तर तिथे दर्शनाला जाणारा भाविक. मठ असेल तर त्याचा शिष्य. नोंदणी झालेली सोसायटी असेल तर तिचा सभासद. बाकीच्या न्यासांत विश्वस्त किंवा लाभार्थी. ज्याच्या पैशावर हे सगळं उभं राहतं त्या देणगीदाराचं नाव या यादीत नाही. देवळाच्या पायरीवर रोज डोकं टेकणाऱ्याला कायदा ओळखतो, वसतिगृहाला पाच लाख रुपये देणाऱ्याला ओळखत नाही. वकील मंडळी यातून वाट काढू पाहतात, कधी निघतेही. टेबलापलीकडचा कारकून मात्र यादीच वाचतो, आणि सामान्य माणसाची गाठ त्याच्याशीच पडते.

मी हिशेबनीस, आता निवृत्त. उभी हयात लहानमोठ्या संस्थांच्या वह्या लिहिण्यात गेली. शाळा, वाचनालयं, गोशाळा, देवस्थानं. तेव्हा संस्थांविषयी माझ्या मनात आकस नाही, हे आधीच सांगतो. सातारा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाच्या मनात तो असायचं कारणही नाही. आमच्याकडच्या बायांनी मुष्टिफंडात मूठमूठ धान्य घातलं आणि त्यावर कर्मवीरांच्या वसतिगृहातली पोरं जेवली. पण मूठ घालणारी बाई आणि जेवणारा पोरगा तेव्हा एकाच मुलखातले होते. धान्य कुठे गेलं, हे विचारायला तिला कुठल्या कार्यालयाची पायरी चढावी लागत नव्हती.

आमच्या तालुक्यात एक शिक्षणसंस्था आहे. तिचं नाव लिहीत नाही, कारण अर्ज प्रलंबित आहे आणि हे पत्र तिच्यापुरतं नाही. आम्ही काही निवृत्त मंडळींनी मिळून तिला मुलींच्या वसतिगृहाच्या इमारतीसाठी देणगी दिली. पावतीवर ‘वसतिगृह इमारत निधी’ असं लिहून घेतलं, ती धंद्याची सवय. काम जोत्यापर्यंत आलं आणि थांबलं. वर आलेल्या गजांना गंज चढला. विचारलं की उत्तर ठरलेलं, “काका, निधी सुरक्षित आहे, ठेवीत आहे.” ठेव होती, खोटं नाही. त्यातली काही रक्कम मोडून संस्थेने जीप घेतली होती आणि उरलेली ठेव सचिवांच्याच पतसंस्थेत होती. त्या पतसंस्थेवर आज अवसायक, म्हणजे बुडीत संस्था गुंडाळून देणी भागवणारा अधिकारी, बसलेला आहे.

अर्ज घेऊन गेलो तेव्हा पहिला प्रश्न आला, “तुम्ही संस्थेचे सभासद आहात का?” नाही. “विश्वस्त?” नाही. “मग लाभार्थी?” मी माझ्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. “मग तुमचा लोकस काय?” म्हणजे तक्रार करायचा हक्क काय. त्या गृहस्थांना मी बोल लावत नाही. ते यादी वाचत होते.

आता या यादीतला लाभार्थी कोण, ते बघा. त्या वसतिगृहात जिला राहता आलं असतं अशी आठवी-नववीतली मुलगी. तिने आपल्याच शाळेच्या अध्यक्षांविरुद्ध कलम ४१ब खाली लेखी तक्रार करावी, अशी कायद्याची अपेक्षा दिसते. सभासद कोण? बहुतेक संस्थांत विश्वस्तांचे भाऊ, मेहुणे आणि व्याही. विश्वस्तांनी विश्वस्तांविरुद्ध तक्रारी केल्याची प्रकरणं आपल्याकडे ढिगाने असतील. पण ती बहुतेक सत्तेची भांडणं असतात. एक गट फुटला की दुसऱ्याला अचानक हिशेबातल्या चुका दिसायला लागतात. देणगीदाराला ना सत्ता हवी ना खुर्ची. दिलेल्या पैशाचं काय झालं एवढंच त्याला विचारायचं आहे, आणि नेमकं त्यालाच विचारायची सोय नाही.

दिवाणी न्यायालयात जावं म्हटलं तर तिथेही हीच अट आडवी येते. इतर बहुतेक राज्यांत सार्वजनिक न्यासांच्या कारभाराबद्दलच्या दाव्यांसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९२ आहे, आपल्याकडच्या न्यासांना ते लागू नाही. आपल्या कायद्याच्या कलम ५० खाली दावा लावायचा तर दोन किंवा अधिक ‘हितसंबंध असलेल्या’ व्यक्ती हव्यात आणि आयुक्त म्हणून आपली लेखी संमती हवी. ज्या प्रश्नांचा निर्णय आपल्या कार्यालयाने करायचा, ते कलम ८० मुळे दिवाणी न्यायालयाला चालवता येत नाहीत. सगळे रस्ते फिरून आपल्याच दारात येतात, म्हणून हे पत्रही आपल्याकडेच.

गावात “पैसे खाल्ले” असं एका दमात म्हटलं जातं. कायद्याचं तेवढ्यावर भागत नाही, आणि भागू नये असं मलाही वाटतं. अनुदान रखडलं म्हणून इमारत निधीतून स्वयंपाकिणीचा पगार भागवणारा मुख्याध्यापक आणि सिमेंटची बिलं फुगवून फरक खिशात घालणारा सचिव यांना एकाच दोरीने बांधणं अन्याय होईल. पहिल्याने नियम मोडला, दुसऱ्याने अपहार केला. दुसऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ आहे, म्हणजे पूर्वीचं भादंवि ४०५-४०६. त्यात शिक्षा आता पाच वर्षांपर्यंत आहे. पण तिथे अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागतो, आणि प्रोसिडिंग बुकात ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ असं लिहिलेलं असलं की हेतू सिद्ध करता करता फिर्यादीच्या नाकी नऊ येतात.

या दोघांच्या मध्ये एक मोठा वर्ग आहे. त्याने पैसे खाल्लेले नसतात. पण निष्काळजीपणाने किंवा दुसऱ्याच्या सोयीसाठी ते अशा ठिकाणी घातलेले असतात की परत येत नाहीत. आमच्या संस्थेचे अध्यक्ष याच वर्गातले असावेत. यासाठी आपल्या कायद्यात कलम ४० आणि ४१ आहेत. घोर निष्काळजीपणा, विश्वासभंग, पैशाचा गैरविनियोग किंवा गैरवर्तन यांमुळे न्यासाचं नुकसान झालं असेल तर ते संबंधित माणसाकडून वसूल करता येतं. या चारांपैकी एक दाखवलं तरी पुरतं, अपहारच सिद्ध करायला हवा असं नाही. मला विचाराल तर कायद्याची ही दोन कलमं सगळ्यात धारदार आहेत, आणि म्यानातून सगळ्यात कमी बाहेर निघतात. आम्हाला कुणी तुरुंगात गेलेलं बघायचं नाही. जोत्यावर भिंत चढलेली बघायची आहे.

ठेव कुठे ठेवायची याबद्दल कायद्यात संदिग्धता नाही. कलम ३५ सांगतं : शेड्यूल्ड बँक, टपाल बचत बँक, शासनाने मान्य केलेली सहकारी बँक, किंवा सरकारी रोखे. पतसंस्था यात बसत नाही. तरी ग्रामीण महाराष्ट्रात किती न्यासांच्या ठेवी पतसंस्थांत आहेत ते आपल्या निरीक्षकांना विचारा, ते हसतील. कारण उघड आहे. ज्याच्या हातात शिक्षणसंस्था त्याच्याच हातात पतसंस्था, दूधसंघ आणि जमलं तर साखर कारखाना. मार्चअखेर ठेवींचं उद्दिष्ट गाठायला शाळेचा निधी जवळच असतो.

आता ज्या कागदाशी माझं आयुष्य गेलं त्याच्याकडे येतो. ऑडिट रिपोर्ट. कलम ३३ खाली दरवर्षी ऑडिट होतं आणि नियमावलीतल्या नियम १९ मधले प्रश्न ऑडिटरला सोडवावे लागतात. कलम ३५ च्या विरुद्ध गुंतवणूक झाली आहे काय? कुणी विश्वस्त न्यासाचा ऋणको किंवा धनको आहे काय? मागच्या वर्षी दाखवलेल्या त्रुटी दूर केल्या काय? पाच हजारांपेक्षा जास्त खर्चाच्या बांधकामाला निविदा मागवल्या काय? (पाच हजारांत आज स्वच्छतागृहाचं दारही बसत नाही, ते असो.) उत्तरं टाइप केलेली असतात : नाही, नाही, होय, लागू नाही. पुढच्या वर्षीच्या रिपोर्टात तीच, त्याच क्रमाने. तारीख तेवढी बदलते. ऑडिटरलाही किती दोष द्यायचा? कलम ३४ त्याच्यावर अनियमितता कळवण्याची जबाबदारी टाकतं, पण त्याला नेमणारे आणि त्याचं बिल मंजूर करणारे तेच विश्वस्त असतात.

याच रिपोर्टामागे परिशिष्ट ८, म्हणजे ताळेबंद, जोडलेला असतो. मालमत्तेच्या बाजूला ‘उचल’ या सदराखाली पहिलीच छापील ओळ आहे ‘विश्वस्तांना’. एका संस्थेच्या ताळेबंदात या ओळीसमोर आकडा होता, आणि मागचं पान उलटलं तर ‘कुणी विश्वस्त न्यासाचा ऋणको आहे काय’ या प्रश्नाला ‘नाही’. दोन्ही कागदांना एकच टाचणी, एकच शिक्का, एकच सही. आपल्या कार्यालयात तो रिपोर्ट ‘दाखल’ झाला. कुणी वाचला असं मी म्हणणार नाही.

ताळेबंद वाचायला चार्टर्ड अकाउंटंट असावं लागत नाही. देण्यांच्या बाजूला ‘राखून ठेवलेले इतर निधी’ असं सदर असतं, तिथे ‘इमारत निधी’ शोधायचा. मग मालमत्तेच्या बाजूला जायचं. तिथे तेवढ्या रकमेची बँक ठेव किंवा तेवढ्याचं अपूर्ण बांधकाम दिसलं पाहिजे. समजा निधी अठरा लाख दाखवला आहे, आणि समोर बँकेत चाळीस हजार, फर्निचर, जीप आणि ‘इतर येणी’ एवढंच आहे. मग निधी कागदावर उरला आणि पैसे गेले. एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. आपले संगणक ते एका रात्रीत राज्यातल्या सगळ्या न्यासांसाठी करू शकतील, कारण हिशेब आता ऑनलाइनच भरले जातात.

पण खरी मेख वेगळीच आहे, आणि ती आपल्या लक्षात आणून देण्यासाठीच हे पत्र. ऑडिटरच्या प्रश्नावलीत एक प्रश्न असा आहे : न्यासाचा निधी न्यासाच्या उद्देशाव्यतिरिक्त अन्य उद्देशासाठी वापरला आहे काय? आमच्या संस्थेच्या ऑडिटरने ‘नाही’ लिहिलं, आणि तो खोटं बोलला नाही. संस्थेच्या घटनेत उद्देश आहे ‘शिक्षणाचा प्रसार करणे’. जीप शाळेसाठी घेतली, म्हणजे शिक्षणाचा प्रसारच झाला. प्रश्न न्यासाच्या उद्देशाबद्दल आहे, देणगीच्या उद्देशाबद्दल नाही. घटनेतले उद्देश तर असे ऐसपैस लिहिलेले असतात की त्यात चंद्रावरची शाळाही बसावी. देणगीदाराने पावतीवर लिहून घेतलेले तीन शब्द रिपोर्टात कुठेच तपासले जात नाहीत.

खरं तर ज्या कामासाठी म्हणून पैसे मागितले त्या कामाला ते बांधलेले असतात, ही विश्वस्त कायद्यातली मूळ गोष्ट. ते काम अशक्यच झालं तर मूळ हेतूच्या जवळचं काम निवडायची वाट कलम ५५ मध्ये आहे, पण ती न्यायालयाच्या परवानगीने. कार्यकारी मंडळाने चहा-बिस्किटांवर ठराव करून ती वाट स्वतःच काढायची नसते. दिलेली देणगी परत मागायचा हक्क आम्ही सांगत नाही. दिली ती दिली. पण जिथे दिली तिथेच ती लागली का, हे विचारायचा हक्क देताना आम्ही सोडून दिलेला नाही.

उलटा प्रकारही पाहिला आहे. देणगी देताना बरोबर एक छापील चिठ्ठी सहीला येते. ‘ही रक्कम संस्थेच्या कायम निधीसाठी आहे.’ देणारा बिचारा सही करतो. त्याला वाटतं पावतीचाच भाग असेल. आयकरात कायम निधीच्या देणगीला देणगीदाराचं लेखी सांगणं लागतं, म्हणून ती चिठ्ठी. ज्याला यंदाच्या दुष्काळात चारा छावणी चालवायची होती त्याचे पैसे अशा रीतीने मुदत ठेवीत जाऊन बसतात आणि जनावरं छावणीच्या दारात. यात बेकायदा काही नाही. पण माणसाला न समजावता घेतलेल्या सहीला ‘देणगीदाराचा आदेश’ म्हणायचं, हे मला तरी पटत नाही.

पोलिसांकडे जावं तर ठाणे अंमलदार म्हणतात, “हे धर्मादायचं आहे, तिकडे जा.” धर्मादाय कार्यालयात म्हणतात, “पैसे खाल्ल्याचा आरोप आहे ना, मग पोलिसांत जा.” या फेऱ्यांत संस्थेची कागदपत्रं पावसाने भिजतात, वाळवी लागते, कधी ‘लेखनिकाच्या घरून गहाळ’ होतात. मोठ्या ठिकाणचीही गत वेगळी नाही. तुळजाभवानीच्या सिंहासन दानपेटीच्या लिलावातला गैरव्यवहार १९९१ ते २००९ या काळातला. सीआयडीची चौकशी झाली, अहवाल झाला, आणि गुन्हा नोंदवा असं सांगायला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला २०२४ साल उजाडलं. आईच्या दारात घातलेल्या पैशाची ही तऱ्हा, तर तालुक्याच्या वसतिगृहाचं काय.

ऑनलाइन मदतीच्या आवाहनांबद्दलही विचारायचं आहे. गणपतीच्या आधी आपली कार्यालयं दरवर्षी पत्रक काढतात : वर्गणी गोळा करायची तर कलम ४१क खाली परवानगी घ्या, मुदतीनंतर हिशेब द्या, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद आणि गोळा रकमेच्या दीडपटीपर्यंत दंड. गल्लीतली पोरं निमूटपणे अर्ज भरतात, पावती पुस्तकं छापतात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ढोलताशाच्या बिलांसकट हिशेब आणून देतात. आणि व्हॉट्सॲपवर आजारी मुलाचा फोटो नि खाली क्यूआर कोड घालून काही तासांत लाखो रुपये जमवणारा माणूस? त्याला ही परवानगी लागते का? एकाच रुग्णासाठी जमवलेले पैसे कायद्याच्या भाषेत ‘धर्मादाय’ ठरतात की खासगी भेट? रुग्ण दगावला आणि पैसे उरले तर ते कुटुंबाचे, ॲपच्या कंपनीचे, देणाऱ्यांचे, की अशाच दुसऱ्या रुग्णाचे? शनिशिंगणापूरच्या नावाने काढलेल्या बनावट ॲपचं प्रकरण २०२५ मध्ये विधानसभेपर्यंत गेलं, तेव्हा देवस्थानांबाबत सगळे जागे झाले. आजाऱ्यांच्या नावावर चाललेल्या आवाहनांबाबत आपलं एखादं स्पष्ट परिपत्रक असेल तर ते गल्लीपर्यंत पोचलेलं नाही. या प्रश्नांची उत्तरं आपण दिलीत तर निदान प्रामाणिक माणसाला तरी कळेल की काय करायचं.

इंग्लंडमध्ये काय होतं त्याचं एक उदाहरण देतो. कोविडच्या काळात कॅप्टन टॉम मूर या शंभरीच्या माजी सैनिकाने बागेत फेऱ्या मारून तिथल्या आरोग्यसेवेसाठी तीन कोटी पौंडांहून जास्त जमवले. त्याच्या नावाने पुढे निघालेल्या फाउंडेशनमधून कुटुंबीयांनी स्वतःचा फायदा करून घेतल्याची तक्रार झाली. तिथल्या धर्मादाय आयोगाने चौकशी केली आणि २०२४ मध्ये अख्खा अहवाल जाहीर केला. कुणाला किती मिळालं, नियम कुठे मोडला, सगळं नावानिशी. तिथे अगदी लहान सोडल्या तर नोंदणीकृत संस्थांचे हिशेब घरबसल्या उघडून बघता येतात. मला आमच्या संस्थेचा ताळेबंद बघायला नकलेचा अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प आणि “साहेब रजेवर आहेत” हे सगळं करावं लागलं. गोऱ्यांचं सगळंच चांगलं असं मी मानत नाही. हे एवढं मात्र उचलण्यासारखं आहे.

म्हणून मागणं असं. न्यासाने हिशेब दाखल केला की परिशिष्ट ८ आणि ९ (ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक) ऑडिट रिपोर्टसह आपल्या संकेतस्थळावर कुणालाही पूर्ण वाचता यावेत, नकलेच्या अर्जाशिवाय. देणगीदारांची नावं झाका, आमची हरकत नाही. ऑडिटरच्या प्रश्नावलीत एकच प्रश्न वाढवा : ठरावीक कामासाठी घेतलेल्या देणग्या त्याच कामावर खर्च झाल्या काय, आणि शिल्लक कुठे गुंतवली आहे? आणि ज्या रिपोर्टात विश्वस्तांच्या उचलीचा आकडा आणि ‘ऋणको नाही’ हे उत्तर शेजारी नांदताना दिसेल, तो दाखल करून घेऊ नका, परत पाठवा.

यादीबद्दल बोलायचं तर, देणगीदार कोण हे ठरवायचं कसं, असा आक्षेप येईल हे मला माहीत आहे. उद्या कुणीही अकरा रुपये देऊन संस्थेला छळायला येईल, असं म्हणतील. त्यात थोडं तथ्यही आहे, छळणारे असतात. पण २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून ८०जी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता) असलेल्या संस्था आयकर खात्याला देणगीदारांची यादी देतात आणि प्रत्येकाला रकमेचं प्रमाणपत्र देतात. एका सरकारी खात्याला जो देणगीदार करसवलतीसाठी नावानिशी ठाऊक आहे, तो दुसऱ्या कार्यालयाला अनोळखी कसा? रकमेची काही किमान मर्यादा घाला हवं तर. पावतीवर कामाचं नाव असण्याची अट घाला.

आणि व्याख्या बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. कलम ४१ब मध्ये आपल्याला स्वतःहून चौकशी सुरू करता येते, कुणाचा लोकस न बघता. कलम ३७ खाली कागद मागवता येतात. देणगीदाराचं पावतीसह आलेलं पत्र हीच त्या चौकशीची सुरुवात मानावी, असं एक परिपत्रक आपण जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सहायक आणि उपायुक्तांना काढलंत तरी पुष्कळ झालं. आमच्या पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. अवसायकाकडे ठेवीदारांच्या दाव्यांची मुदत चालू आहे. संस्थेने दावा दाखल केला आहे की नाही हे सचिव सांगत नाहीत, आणि सचिवच पतसंस्थेचे माजी अध्यक्ष असल्यामुळे ते का सांगत नाहीत हे आम्हाला कळतं. दावा दाखल करण्याचा निर्देश आपण कलम ४१अ खाली देऊ शकता. एवढं या महिन्यात झालं तर बरं, कारण मुदत गेली की निधीही जाईल.

कलम २ (१०) मधली दुरुस्ती आपल्या हातातली नाही, विधिमंडळाच्या हातातली आहे. म्हणून या पत्राची एक प्रत विधी व न्याय विभागाकडेही पाठवत आहे.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस व देणगीदार
सातारा जिल्हा

सोबत : पावत्यांच्या छायाप्रती, संस्थेच्या ताळेबंदाची साक्षांकित नक्कल.
प्रत माहितीसाठी व योग्य कार्यवाहीसाठी : मा. प्रधान सचिव, विधी व न्याय विभाग, मंत्रालय, मुंबई.